मायक्रोवेव्हचं घड्याळ चालू आहे ना?

अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसाची प्रगती मोजायची एक सोपी पट्टी आहे. पहिल्या वर्षी नायगारा, दुसऱ्या वर्षी व्हेगस आणि तिसऱ्या वर्षी आई-बाबा आले की आरव्ही! आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेला, चाकांवरचा वन बीएचके. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक बेड, मागे एक बेड, मध्ये ओटा, फ्रीज, गॅसची शेगडी आणि आपल्या लोकांना सर्वांत जास्त आनंद देणारी गोष्ट म्हणजे स्वतःचं टॉयलेट. हॉटेलचं बुकिंग नको, 'व्हेज काय आहे' ही चौकशी नको. सकाळी दार उघडायचं, समोर डोंगर, हातात आईने केलेले पोहे. सही!

या ट्रिपचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. तुमच्या टीममधल्या कुणी ना कुणी टाकलेले असतात. एक फोटो मात्र कुणीच टाकत नाही. रात्रीचे दहा वाजलेत, गाडीत दिवे छान लागलेत, नळाला पाणी आहे, हीटर ऊब देतोय आणि भिंतीतल्या एकाही सॉकेटमध्ये जीव नाही. मोबाइल चार्ज होत नाही, लॅपटॉप होत नाही. सगळे एकमेकांकडे बघतायत.

गाडी ताब्यात देताना कंपनीचा माणूस वीस मिनिटं टॉयलेटची टाकी रिकामी कशी करायची ते शिकवतो. विजेबद्दल एक वाक्य असतं. कॅम्पग्राउंडला पोचलात की केबल पोलला लावा, झालं. टाकीचं महत्त्व मला मान्य आहे, पण पाच मिनिटं विजेलाही द्यायला हरकत नव्हती. तीच पाच मिनिटं मी इथे देतेय.

एका गाडीत दोन विजा

आधी फंडा क्लिअर करू. आरव्हीत दोन वेगवेगळ्या विजा खेळत असतात. एक १२ व्होल्टची, बॅटरीतून येणारी डीसी. छतातले दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, गॅसगळतीचा अलार्म हे सगळं तिच्यावर चालतं. दुसरी १२० व्होल्टची एसी, म्हणजे अमेरिकेतली नेहमीची घरगुती वीज. भिंतीतली सॉकेट्स, मायक्रोवेव्ह आणि छतावरचा एसी हिच्यावर. ही वीज बाहेरून येते, कॅम्पग्राउंडच्या पोलमधून किंवा गाडीतल्या जनरेटरमधून. दोन्ही नसतील, तर सॉकेट मेलेलं असणं हा बिघाड नाही, तो नियमच आहे.

आपला गोंधळ इथेच होतो. पुण्यात किंवा ठाण्यात दिवे गेले की सगळं गेलं आणि दिवे आले की सगळं आलं. आरव्हीतले दिवे मात्र सॉकेटबद्दल काहीच सांगत नाहीत. त्यांची भाऊबंदकी आहे, एकाचं दुसऱ्याशी बोलणं नाही.

दोघांमधला दुवा म्हणजे कन्व्हर्टर नावाचा डबा. तो १२० व्होल्ट घेतो आणि १२ करून बॅटरी भरतो. आपल्या घरचा इन्व्हर्टर याच्या उलट काम करतो, बॅटरीतून सॉकेटची वीज बनवतो. काही आरव्हींमध्ये तोही असतो, पण मग ठरावीक सॉकेट्सनाच पुरवठा करतो. त्याचं बटण बंद असेल, तर तेवढीच सॉकेट्स बंद दिसतात आणि माणूस उगाच वायरिंगला शिव्या देत बसतो.

'आधी येते कुठपर्यंत ते बघ'

आम्ही डेन्व्हरहून निघून येलोस्टोनला गेलो होतो. मी, नवरा आणि भारतातून आलेले माझे आई-बाबा. ऑगस्टचा महिना. मुक्काम फिशिंग ब्रिजला. (नावावर जाऊ नका, त्या पुलावरून मासे पकडायला १९७३ पासून बंदी आहे.) येलोस्टोनमध्ये आरव्हीला थेट वीज जोडून देणारा हा एकमेव कॅम्पग्राउंड आणि तो आम्ही मुद्दाम निवडला होता. कारण बाबांना स्लीप ॲप्निया आहे. झोपेत श्वास अडकतो, म्हणून रात्री सीपॅप मशीन लावावं लागतं. समुद्रसपाटीपासून साडेसात हजार फुटांहून जास्त उंची, आधीच हवा विरळ. अशा ठिकाणी ते मशीन नसेल तर चालण्यासारखं नव्हतं.

रात्री साडेनऊला बाबांनी हाक मारली, "अगं, माझं मशीन चालू होत नाहीये."

मशीनमध्ये दोष नव्हता. त्याच्या ॲडॅप्टरवर '१००-२४०' लिहिलेलं असतं, म्हणजे ते पुण्यातही चालतं आणि इथेही. (आईचा मिक्सर तसा नाही. २३० व्होल्टचा मिक्सर १२० वर लावलात, तर तो फक्त कण्हतो.) मी मोबाइलचा चार्जर लावून पाहिला. काही नाही. ओट्याजवळचं सॉकेट, बेडजवळचं, बाथरूममधलं, सगळी मेलेली. मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे कंपनीच्या हेल्पलाइनचा प्रश्नच मिटला.

"एक रात्र नाही लावलं तर काय बिघडतंय! झोपा तुम्ही," बाबा म्हणाले.

"अहो, तुम्ही झोपता. श्वास मोजत जागी मी बसते," आई म्हणाली. विषय संपला.

नवरा टॉर्च घेऊन बाहेरच्या पोलकडे निघाला होता. त्या कॅम्पग्राउंडमध्ये अस्वलांमुळे तंबूंना परवानगीच नाही, फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्या चालतात. तेव्हा रात्री बाहेर पडण्याचा उत्साह त्याच्याकडे कुठून आला, मला माहीत नाही. बाबांनी त्याला दारातच थांबवलं. बाबांची सगळी नोकरी एमएसईबीत गेली. २००५ मध्ये मंडळाच्या वेगळ्या कंपन्या झाल्या आणि महावितरण आलं, तेव्हा ते साताऱ्यात होते. लाइनवर फॉल्ट शोधायची त्यांची एक पद्धत आहे आणि ती त्यांनी मला त्या रात्री एका वाक्यात सांगितली. "वीज कुठे नाही ते शोधत बसू नकोस. आधी ती येते कुठपर्यंत, ते बघ."

आणि मग मायक्रोवेव्हकडे बोट केलं. त्याचं घड्याळ चालू होतं. हिरवे आकडे, ९:४२.

हे इतकं साधं आहे, की मला हसू आलं. मायक्रोवेव्ह १२० व्होल्टवर चालतो. त्याचं घड्याळ दिसतंय, म्हणजे पोलमध्ये वीज आहे, केबल ठीक आहे, मेन ब्रेकर ठीक आहे. बाहेर जाऊन अस्वलाला भेटायची गरज नाही. बिघाड गाडीच्या आत आहे, ब्रेकरच्या पेटीनंतर. घड्याळ बंद असतं, तर उलट. मग पोलपासून सुरुवात. एका नजरेत अर्धं शोधकाम संपतं.

पेटीतले सगळे ब्रेकर एकदा खाली-वर केले. फरक नाही. मग उरलं एकच ठिकाण. बाथरूममधल्या आरशाच्या बाजूला एक सॉकेट असतं, ज्याच्या मधोमध दोन छोटी बटणं असतात, 'टेस्ट' आणि 'रीसेट'. याला तिकडे जीएफसीआय म्हणतात. आपल्याकडे ज्याला सगळे सर्रास ईएलसीबी म्हणतात, त्याचाच हा लहान भाऊ. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, हे तो सतत मोजत असतो. थोडा जरी कमी आला, तर तो कुठेतरी गळतोय, कदाचित एखाद्या माणसाच्या अंगातून, असं समजून सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी १९६१ मध्ये हे उपकरण बनवलं. माणसाच्या शरीराला किती करंट सोसतो, यावर त्यांनी आधी बरीच वर्षं काम केलं होतं. साधारण १० मिलीॲम्पच्या पुढे हाताचे स्नायू असे आवळले जातात, की तार सोडायची म्हटली तरी सुटत नाही. म्हणून जीएफसीआय ५ मिलीॲम्पच्या आसपासच तुटतो. आपल्या घरातला आरसीसीबी सहसा ३० वर तुटतो. हा आकडा ऐकून बाबांनी "लाडावलेत लोक" असा शेरा मारला, पण तो कौतुकाचाच होता.

आता आरव्हीतली गंमत. खर्च वाचवायला अख्ख्या गाडीत असं एकच सॉकेट बसवतात आणि बाकीची सॉकेट्स त्याच्या मागे माळेसारखी जोडतात. ओट्याजवळचं, गाडीच्या बाहेरच्या अंगाचं आणि कित्येकदा बेडजवळचंसुद्धा. म्हणजे बाथरूममधलं एक बटण उडालं, की चार भिंतींतली सॉकेट्स एकदम जातात. मायक्रोवेव्ह आणि एसी मात्र आपापल्या ब्रेकरवर असतात, ते चालूच राहतात. बंद सॉकेटची बहुतेक रहस्यं या बटणापाशीच उलगडतात. दाबा, 'टक्' आवाज येतो, काम झालं.

आमचं झालं नाही. रीसेट दाबलं की टक्, सोडलं की परत टक्. काही लोक अशा वेळी वीस वेळा दाबतात. दाबून धरायचाही उपयोग नसतो. ते बटण आत काहीतरी गळतंय असं सांगत असतं. (आत वीजच येत नसेल, तरी नवीन प्रकारचे जीएफसीआय रीसेट होत नाहीत. पण आमच्याकडे मायक्रोवेव्हची साक्ष होती.) बाबांनी सगळे प्लग काढायला लावले. चार्जर, केटल, लॅपटॉप. तरी तेच. मग नवऱ्याला आठवलं. कंपनीने 'कॅम्पिंग किट'मध्ये दिलेली दिव्यांची माळ त्याने संध्याकाळी बाहेर लावली होती. संध्याकाळी लावली आणि तासाभरात गडगडाट होऊन पाऊस आला. बाहेरच्या सॉकेटचं झाकण नीट बसत नव्हतं. माळ काढली, तरी बटण टिकेना, कारण सॉकेटच्या आतच पाणी गेलं होतं.

"हे बटण बाजूला काढून थेट जोडता येईल का?" नवऱ्याने विचारलं. वाईट हेतूने नाही, त्यालाही मशीन चालू करायचं होतं. बाबांनी उत्तर दिलं नाही, फक्त त्याच्याकडे पाहिलं. ओल्या हाताने गेलेली माणसं त्यांनी नोकरीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहेत. घरात हा विषय ते कधी काढत नाहीत.

त्याऐवजी आम्ही वरच्या कपाटात हात घातला. मायक्रोवेव्हचा प्लग तिथे आत, एका वेगळ्या सॉकेटला असतो. तो काढला, तिथून एक चांगली जाड एक्स्टेन्शन बेडपर्यंत आणली आणि सीपॅप लावलं. शंभर वॅटच्या आतलं मशीन, त्या सॉकेटला त्याचं काही वाटत नाही. फक्त त्या सॉकेटला जीएफसीआयचं संरक्षण नसतं. म्हणून ही युक्ती कोरड्या जागी, छोट्या मशीनसाठी, एका रात्रीपुरती. ओट्यावर, बाथरूममध्ये किंवा बाहेर अजिबात नको. दहा मिनिटांत बाबा झोपले आणि आईसुद्धा.

सकाळी पोलचा ब्रेकर बंद केला, केबल काढली आणि बाहेरच्या सॉकेटला ऊन दाखवलं. अकराच्या सुमाराला सगळं परत जोडून रीसेट दाबलं. टक्. टिकलं.

अख्खी गाडी म्हणजे एक गीझर

घड्याळच बंद असेल तर? मग बहुतेक वेळा दोष लोडचा असतो. भाड्याच्या गाड्यांना सहसा ३० ॲम्पचं कनेक्शन असतं. ३० गुणिले १२०, म्हणजे ३६०० वॅट. आपल्या बाथरूममधला गीझरचा १६ ॲम्पचा पॉइंट घ्या. १६ गुणिले २३०, म्हणजे ३६८० वॅट. थोडक्यात, पुण्यातल्या एका गीझरच्या पॉइंटवर तुम्ही तिकडे अख्खं घर चालवत असता! छतावरचा एसी साधारण १५०० वॅट, मायक्रोवेव्ह जवळपास तेवढाच, पाणी गरम करणारा हीटर विजेवर ठेवला असेल तर १४४०. तिघं एकत्र सुरू झाले, की मेन ब्रेकर उडणारच. भिंतीतल्या सॉकेट्सच्या सर्किटला तर बहुधा १५ ॲम्पचाच ब्रेकर, म्हणजे १८०० वॅट. १००० वॅटचा इलेक्ट्रिक कुकर आणि १५०० वॅटची केटल एकदम लावली, की वरण-भात आणि चहा दोन्ही बोंबलले.

उडालेला ब्रेकर ओळखणं हीसुद्धा तिकडे एक कला आहे. आपल्याकडचा एमसीबी धपकन खाली पडतो, लांबून कळतं. अमेरिकन ब्रेकरचा खटका मध्येच कुठेतरी थांबतो आणि बघणाऱ्याला चालूच वाटतो. तो तसाच वर ढकलून काही होत नाही. आधी पूर्ण 'ऑफ'कडे दाबायचा आणि मगच 'ऑन'. ही पेटी शक्यतो जमिनीलगत असते, फ्रीजखाली नाही तर बेडच्या पायथ्याशी. अर्ध्या भागात ब्रेकर, अर्ध्या भागात कारसारखे रंगीत फ्यूज. फ्यूज १२ व्होल्टचे. सॉकेट बंद असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पेटीत सगळं ठीक दिसलं, तर पोल. तिथेही ब्रेकर असतो आणि आधीचा माणूस तो बंद करून गेलेला असू शकतो. मोठ्या गाड्यांना ५० ॲम्पचा चार पिनांचा प्लग असतो आणि त्यात १२० व्होल्टच्या दोन वेगळ्या लाइन येतात. तुमची गाडी तशी असेल आणि बरोबर अर्धी उपकरणं चालू, अर्धी बंद असतील, तर दोनपैकी एक लाइन आलेली नाही. ते काम कॅम्पग्राउंडचं. काही गाड्यांत केबलला सर्ज प्रोटेक्टर असतो. तो प्लग लावल्यावर मिनिट-दोन मिनिटं विचार करतो, मगच वीज सोडतो. भर दुपारी शेजारच्या साठ गाड्यांचे एसी चालू असले आणि व्होल्टेज १०४ च्या खाली गेलं, तर असे कित्येक प्रोटेक्टर पुरवठा तोडतात आणि व्होल्टेज सुधारलं की आपोआप जोडतात. तेव्हा लगेच हातघाईवर येऊ नका.

जनरेटरचा मामला छोटा आहे, पण फसवा. काही गाड्यांत, विशेषतः जुन्या, जनरेटर धडधडत असतो आणि सॉकेट मात्र मेलेलीच. कारण गाडीची केबल, जी एरवी पोलला लागते, ती केबलच्याच कप्प्यातल्या एका सॉकेटला लावायची असते, मगच जनरेटरची वीज आत येते. आणि जनरेटर गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल पितो. टाकी पाव भागाच्या आसपास आली, की तो आपणहून थांबतो, म्हणजे तुम्ही जंगलात अडकू नये. तो बिघाड नाही, उपकार आहे.

जिथे हात लावायचा नाही

एकच सॉकेट बंद आणि बाकी सगळी चालू असतील, तर माझा सल्ला साधा आहे. ते सोडून द्या. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट भागात बनतात आणि त्यांतली सॉकेट्स घरातल्यासारखी स्क्रूने आवळलेली असतीलच असं नाही. बऱ्याचदा वायर दात्यांमध्ये दाबून बसवलेली असते. बसवायला झटपट. पण ताशी ६५ मैलांनी खड्ड्यांतून जाणारं घर म्हणजे रोजचा भूकंप आणि त्यात ते जोड सैल होतात. सैल जोड तापतो. सॉकेट तपकिरी पडलंय, गरम लागतंय किंवा जळका वास येतोय असं दिसलं, तर त्याचा ब्रेकर बंद करायचा आणि तो चालू करायचा मोह टाळायचा. गाडीच्या भिंती लाकडाच्या आणि फोमच्या असतात, विसरू नका.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. दाराच्या हँडलला किंवा पायरीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, तर ती थंडी नव्हे. पोलचं अर्थिंग तुटलेलं असलं आणि गाडीत कुठे गळती असली, तर गाडीचा अख्खा पत्रा जिवंत होतो. आत असलेल्याला काही जाणवत नाही. ओल्या गवतावर उभं राहून दार उघडणाऱ्याला झटका बसतो, लहान मुलाला तर जास्तच. पोलचा ब्रेकर बंद, केबल बाहेर आणि ऑफिसात जाऊन दुसरी जागा मागायची. इथे स्वतःचं डोकं चालवायचं नाही, बाबासुद्धा चालवत नाहीत.

हे आधीच कळावं म्हणून तीन दिव्यांचा एक छोटा प्लग-टेस्टर मिळतो, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात, दहा-पंधरा डॉलरला. सॉकेटमध्ये खुपसला, की फेज-न्यूट्रल उलटे आहेत का, अर्थिंग आहे का, ते दिव्यांच्या रंगावरून कळतं. सोबत पेनसारखा, नुसता जवळ नेला की वाजणारा टेस्टर घ्या आणि गाडीच्या पत्र्याजवळ फिरवा. बाबांचा स्क्रूड्रायव्हरवाला टेस्टर १२० व्होल्टवरही पेटला, जरा फिकट. तो त्यांनी साताऱ्याहून बॅगेत आणला होता. का, ते विचारायचं नाही.

आता कॅरॅव्हॅन आपल्याकडेही येतायत. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये त्यासाठी खास पर्यटन धोरण काढलं. त्या गाड्यांत २३० व्होल्ट असतील, प्लग आपले असतील, पण दोन विजांचा घोळ हाच राहणार. तेव्हा गाडी इथे घ्या नाही तर तिथे, किल्ली हातात घेण्याआधी चार गोष्टी करून घ्या. गाडीला यार्डातल्या विजेला जोडायला लावा. मोबाइलचा चार्जर घेऊन प्रत्येक सॉकेटला एकदा लावा, बाहेरच्यालासुद्धा. ब्रेकरची पेटी आणि रीसेटचं बटण कुठे आहे, ते दाखवायला सांगा आणि फोटो काढून ठेवा. घरात कुणाचं मशीन असेल, तर त्याची १२ व्होल्टवर चालणारी कार-ॲडॅप्टर वायर आधीच मागवा. सीपॅपसाठी ती मिळते आणि मग सॉकेट मेलं तरी बॅटरीवर रात्र निघते. आम्ही परत आल्यावर आठवड्याभरात मागवली. आणि बाहेरच्या सॉकेटचं झाकण पूर्ण बंद होतंय का, ते बोटाने दाबून बघा.